काळी शटल

पेडणे,
१६ ऑक्टोबर १९८८

गुरुदास,

तुझा पत्ता सातार्ड्याच्या गोकुळदासने दिला. तो हल्ली सावंतवाडी-रत्नागिरी गाडीवर कंडक्टर आहे. स्टँडवर तू त्याला भेटलास, दाढी वाढवली आहेस आणि काजूच्या कारखान्यात कामाला आहेस, एवढं त्याने सांगितलं. आणखी विचारलं तर म्हणे घंटा द्यायची वेळ झाली होती. या माणसाला सगळ्या जगापेक्षा गाडी प्यारी.

पत्राच्या वर वडील माणसाने आशीर्वाद लिहायचा असतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू सातवीत होतास आणि माझ्याच ट्रंकेवर बसून माझाच फराळ खात होतास, म्हणजे तो हक्क मला आहे. पण लिहायला हात उचलला नाही. नुसतं नाव लिहिलं, राग मानू नकोस.

आये बरी आहे. उठते, बसते, मला बोलते. तुझं नाव काढत नाही, पण तुझं ताट फळीवरून हलवूही देत नाही. एकदा मी त्यात तांदूळ निवडायला घेतले तर हातातून ओढून घेतलं. गौरवी चौथीत गेली. काकाने सायकल अर्धी शिकवली आणि पळाला, असं सगळ्यांना सांगत फिरते.

सोळा महिने झाले. तुझ्या दादांच्या बाराव्याला सगळे सोयरे ओसरीवर बसले होते आणि आये लेकाच्या नावाने तुझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुज्या इसरभोळेपणान माजो झील खाल्लो." तू चपला घातल्यास आणि गेलास. मी दाराच्या आत उभी होते. मी तरी काय बोलणार होते?

त्या एक्स-रेचा विचार तू आता सोडून दे. म्हापशाच्या डॉक्टरने त्या डिसेंबरात सांगितलेलं मलाही तोंडपाठ आहे. गळ्याच्या उजव्या हाडाखाली डाग दिसतो, खाणीत काढलेला जुना फोटो आणा. तेव्हाही डाग असेल तर जुनी खूण आहे, भिऊ नका. तेव्हा नसेल तर वेळ न घालवता मुंबईला जा. आपण घर पालथं घातलं. डिचोलीच्या खाणीवरचं बिऱ्हाड मोडून इकडे आलो तेव्हा कागदांचं बोचकं तू बसने आणलं होतंस, म्हणून हे म्हणाले की म्हापशाला गाडी बदलताना गुरुदासाकडून राहिला असेल. असेल, नसेलही. तिथल्या खोलीत वाळवी काय कमी होती? वाळवीनेच खाल्ला असेल.

झालं ते झालं. दिवाळीला ये.

तुझी वहिनी,
विमला

---

पेडणे,
२० नोव्हेंबर १९८८

गुरुदास,

तू आला नाहीस, पत्रही नाही. नरकासुर जाळायला वाड्यावरची मुलं तुझी वाट बघत होती. तू नसताना त्यांनी केलेला नरकासुर जाळायच्या आधीच कमरेत वाकला.

मी पुन्हा टॅटिंगला, त्या गाठींच्या लेसला, बसते आहे. तुझ्या दादांमागे वर्षभर दोऱ्याला हात लावला नव्हता. आता गौरवी मागे लागली आहे, तिला शिकायचं आहे. डिचोलीला शेजारच्या पद्मावतीबाईंनी मला शिकवलं तेव्हा आठवतं ना? दोरा गुंडाळायची स्वतःची हाडाची शटल त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. बघून शिक म्हणायच्या. मी पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर दोरा गुंडाळला आणि आठ दिवस नुसत्या गाठी घातल्या. मग तू सुट्टीत आलास, माझा तो चुरगळलेला पुठ्ठा बघून हसलास आणि करवंटी घासायला बसलास. काचेच्या तुकड्याने घासलीस, खोबरेल लावलंस, पुन्हा घासलीस. दोन पानं मधे खुंटी ठोकून जोडलीस. होडीसारखी दिसणारी ती शटल पद्मावतीबाईंच्या नाकावर टिच्चून वर्षभर चालली. सेफ्टीपिन सरळ करून तिचं टोक वाकवलंस, तो माझा हूक. फणीचा तुटका दात तो माप घ्यायला, म्हणजे लेसच्या बाहेरचे सगळे फासे एकसारखे येतात. तुझे दादा म्हणाले होते, खाणीवर एवढी अवजारं नाहीत.

गौरवीच्या गाठी उलटत नाहीत. तिला सांगते, शटलचा दोरा ताणून धर, बोटावरचा सैल सोड, म्हणजे गाठ या दोऱ्यावरून त्या दोऱ्यावर जाते. नाही गेली तर ओढताना रिंग मिटत नाही, तिथेच अडते. तिला वाटतं जोर लावला की मिटेल. मग रडते. मी कात्री देते.

करवंटीची शटल चवथीच्या आठ दिवस आधी फुटली होती, तुला सांगितलं होतं की नाही आठवत नाही. गणपतीच्या चौरंगाच्या कापडाची लेस तीन हात झाली होती, दोन हात उरली होती. तू इकडे पेडण्याला होतास. दुसरी करून पाठवतो म्हणाला होतास, पण मला धीर नव्हता. मीच एक केली. ती अजून आहे. काळी आहे. कशाची ते सोड.

आयेचे डोळे फार अंधुक झाले आहेत. ये.

विमला

---

पेडणे,
११ जानेवारी १९८९

गुरुदास,

तुझं कार्ड आलं. पाच ओळी आहेत. तिसऱ्या ओळीपुढे मला एकदम वाचवेना, म्हणून कार्ड उलटं ठेवून भात उतरवला आणि मग वाचलं.

तू लिहितोस की तुला आता स्पष्ट आठवतं. म्हापशाच्या स्टँडवर नळाशी पाणी प्यायला तू बोचकं खाली ठेवलंस, गाठ सुटली होती, वर तो लांबडा खाकी लिफाफा होता, आणि बसमध्ये चढताना तो नव्हता. वहिनी, मला बरं वाटावं म्हणून वाळवीचं नाव घेऊ नकोस, असं लिहितोस.

तुला हे आठवत नाही, गुरुदास. आठवणं शक्यच नाही. सारखा तोच विचार करून तू हे सगळं तयार केलं आहेस.

पुढे अर्धं पान लिहिलं होतं. ते फाडून चुलीत घातलं. तब्येतीला जप.

विमला

---

पेडणे,
२ एप्रिल १९८९

गुरुदास,

गोकुळदास शिमग्याला घरी आला होता. त्याला चहा दिला, गोड शंकरपाळ्या दिल्या, तेव्हा कुठे गाडीतून उतरून बोलायला लागला. तुझ्या कारखान्यातल्या मुकादमाने भाचीसाठी तुला विचारलं, मुलीचं नाव सुमंगला, बारावी शिकलेली, तुला आवडली होती, आणि तरी तू नाही म्हणालास. का, तर ज्याच्या हातून सख्खा भाऊ गेला त्याने कुणाची मुलगी पदरात घेऊ नये. हे तू गोकुळदासला सांगितलंस आणि तो ते माझ्या ओसरीवर बसून मला सांगत होता. मी त्याला आणखी चहा विचारला.

तू सव्वीस वर्षांचा आहेस. तुझ्या दादांनी सव्विसाव्या वर्षी मला डिचोलीची जत्रा दाखवली होती.

काल आणखी एक झालं. गौरवी अंगणात शटल घेऊन बसली होती. उन्हाकडे धरून बघत होती. मला म्हणाली, "आई, हेच्यात पांढरा पांढरा काय दिसता?"

मी म्हटलं, ढग.

तिने मान डोलावली आणि पुन्हा गाठी घालायला लागली. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने माझ्यावर विश्वास ठेवला, तसाच तू ठेवलास. तुम्हा दोघांना सवयच आहे.

मी तुला काही सांगणार आहे. आज नाही. ज्येष्ठात यांचं श्राद्ध आहे, तेव्हा सांगेन. सांगितल्यावर तू मला वहिनी म्हणणार नाहीस, म्हणून एवढे दोन महिने आणखी म्हण.

विमला

---

पेडणे,
१२ जून १९८९

गुरुदास,

या पत्राबरोबर कापडात शिवलेलं एक पान आहे. आधी पत्र वाच, मग उसव.

चवथीच्या आधी करवंटीची शटल फुटली तेव्हा मी खोलीभर शोधलं. पुठ्ठा मऊ पडत होता, पत्रा दोरा कापत होता. कपाटावर यांचा छातीचा फोटो होता, एक वर्षापूर्वी खाणीच्या तपासणीत काढलेला. खाणवाले सगळ्यांनाच सांगतात तसं छाती साफ आहे म्हणून सांगून त्यांनी तो यांच्या हातात दिला होता. मी यांना विचारलं नाही. कामावर गेले होते. विचारलं असतं तर काप म्हणाले असते, त्यांनाही त्याची काही किंमत वाटत नव्हती. फिल्म कात्रीने छान कापली जाते. दोन पानं कापली, मधे शर्टाची तीन बटणं एकावर एक ठेवून सुईने पक्की शिवली. पानांची टोकं आपसूक एकमेकांना चिकटतात, दोरा ओढला की टिक् वाजतं. इतकी चांगली शटल पद्मावतीबाईंकडेही नव्हती. उरलेल्या फिल्मची गौरवीने भातुकलीत खिडकी केली, ती कुठे गेली देव जाणे. लिफाफ्यात मी चवथीचं सामान बांधलं.

म्हणून तुझ्या बोचक्यात तो लिफाफा नव्हताच. वाळवी फिल्म खात नाही, हे तुलाही ठाऊक असणार. तरी तू मला खोटारडी म्हणाला नाहीस, नुसतं मला बरं वाटावं म्हणून नाव घेऊ नकोस म्हणालास.

एवढंच असतं तर मी त्या डिसेंबरातच सांगितलं असतं, असं मला वाटतं. एवढंच नव्हतं.

फोटो हरवला म्हणून यांनी तुझं नाव घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दारी गेले आणि शटल उजेडाकडे धरली. एका पानावर कोपऱ्यातला यांच्या खाणीच्या बिल्ल्याचा नंबर आहे, ते मला कापतानाच दिसलं होतं, म्हणून ती बाजू मी आत घातली होती. दुसऱ्या पानावर गळ्याचं उजवं हाड आहे. आणि त्याच्या खाली काळंभोर आहे, गुरुदास. एकही पांढरा डाग नाही, म्हणजे आताचा डाग नवा होता.

डॉक्टरला जे बघायचं होतं ते माझ्या हातात होतं. त्याला नेऊन दाखवलं असतं तर हसला असता, रागावला असता, पण त्याने पाहिलं असतं. मी नेलं नाही. यांच्या, आयेच्या, तुझ्या समोर कसं सांगू की मी बायको असून यांच्या छातीची लेस विणते? नवरा आजारी आणि ही दोऱ्याशी खेळते, असं आये आधीच म्हणत होती. त्याच आठवड्यात राजभाषेच्या भांडणावरून रस्त्यांवर झाडं आडवी टाकली होती. तू मराठीच्या बाजूने भिंती रंगवत फिरत होतास. म्हापशाला गाडी नव्हती. आज जाताच येणार नाही, असं कळल्यावर मला किती बरं वाटलं ते तुला सांगायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. गाड्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरने जुन्या फोटोचा नाद सोडला होता. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू म्हणाला. मी मनाला सांगितलं, तीन महिन्यांत काय होतंय.

तीन महिन्यांत काय झालं ते तू बघितलंस. इस्पितळात तूच त्यांना पाठीवर घेऊन जिना चढलास.

आपलं वेगळं राज्य झालं त्या दिवशी सकाळी तू घरी आयेला आणायला गेला होतास. बाहेर फटाके वाजत होते. मी खाटेजवळ बसून विणत होते, कारण हात रिकामे राहिले की रडू यायचं. त्या टिक् टिक्‌ने त्रास होतो का म्हणून मी विचारलं, तर त्यांनी हात पुढे केला. दाखव म्हणाले. शटल खिडकीकडे धरली. डोळा लावून आतला नंबर वाचला. मग दुसरं पान स्वतःच्या उजव्या हाडाखाली ठेवून बघितलं, ठेवलं, पुन्हा खिडकीकडे धरलं.

"साफ आसा," म्हणाले.

मी पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांत हात घातला आणि म्हणाले, "गुरुदासाक सांग. तेणा कायएक हरवूक नाय. मीच उगीच तेचा नाव घेतलंय."

त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. मला शिवी दिली असती तर मी जगले असते नीट. पाचव्या दिवशी गेले. मधल्या चार दिवसांत तू रोज खाटेजवळ होतास, मी रोज सांगणार होते. ते माझ्याकडे बघायचे, मी तुझ्याकडे बघायची, आणि पाणी आणते म्हणून उठून जायची. बोलण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. शेवटच्या सकाळी त्यांनी तुझा हात धरून ठेवला होता, तुला वाटलं वेदनेने. ते सांगत होते, गुरुदास. मी सांगत नव्हते म्हणून ते सांगत होते.

बाराव्याला मी दाराच्या आत उभी होते. काय बोलणार होते, ते तुला आता कळलं.

काल श्राद्ध झालं. बाराव्याला होते तेच सगळे सोयरे आले. पानं मांडली होती. मी ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर उभी राहिले आणि शटल दाखवून सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच, काही न वगळता. गौरवीही होती. तिला आधी बाजूला घेऊन सांगितलं होतं की ते ढग नव्हते.

कुणी जेवायला बसेना. आये भिंतीला टेकून होती. तिने हात पुढे केला, तिला आता दिसत नाही, बोटांनी चाचपते. मी बटणांचा दोरा कापून दोन्ही पानं सुटी करून तिच्या हातावर ठेवली. यातलं छातीचं कुठलं, म्हणून विचारलं. मी दिलं. ते तिने चोळीच्या आत ठेवलं आणि दुसरं मला परत केलं. माझ्याकडे तोंड न करता म्हणाली, "गुरुदासाक म्हायत आसा?"

मी नाही म्हटलं.

"मगे उबी कित्याक? आदी पत्र घाल."

काल रविवार, टपाल बंद. म्हणून आज. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही. बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण आज पहाटे तुझं ताट फळीवरून काढून तिने स्वतः राखेने घासलं, चाचपत चाचपत, आणि उन्हात ठेवलं.

तुझ्याकडे येतं आहे ते नंबराचं पान. नंबर तू ओळखशील, लहानपणी तो बिल्ला लावून तू शाळेत मिरवला होतास. सुमंगलाच्या मामाला ते दाखव, हे पत्रही दाखव. माझी लाज राखू नकोस. माफी मी मागत नाही. ज्यांनी द्यायची त्यांनी मागण्याआधी दिली, आणि त्यांनी सोपवलेलं एक काम मी दोन वर्षं केलं नाही.

तू येणार असलास तर गोकुळदासकडे निरोप दे. मी गौरवीला इथेच ठेवून सातार्ड्याला माहेरी जाईन. आयेला आणि तिला तू लागतोस. मला बघायचं नसेल तर बघावं लागणार नाही. बघायचं असेल तर तेही तसंच कळव, मी थांबेन.

आपण घरात बोलतो एक आणि पत्र मराठीत लिहितो, हे तुझे दादा चेष्टेने म्हणायचे. पत्रातल्या मराठीत मी तुला वाळवीही लिहून पाठवली. यांचा निरोप तरी त्यांनी दिला तसाच, घरच्या बोलीत पोचवते.

गुरुदासा, तू कायएक हरवूक नायस.

विमला